पोट आपलं, माप कुणाचं?

मी तळेगावचा. दाभाडे नव्हे, ढमढेरे! फर्स्ट इयरपासून आजपर्यंत हे मला किमान शंभर वेळा सांगावं लागलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याची नजर आपोआप माझ्या पोटाकडे वळली आहे. वास्तविक ढमढेरे हे जुन्या सरदार घराण्याचं नाव, त्याचा ढेरीशी काडीचाही संबंध नाही. पण हॉस्टेलला कोण समजावणार? तेव्हा पोटाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार या अंकात कुणाला असेल तर तो मलाच, असं समजून लेखणी उचलली आहे.

विषय आहे दुर्बिणीतून होणाऱ्या पोटाच्या ऑपरेशनांचा आणि वजन कमी करण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांचा. "हे मेडिकलवाल्यांनी लिहावं की, आपल्या मॅगझिनमध्ये कशाला?" असं म्हणून लगेच पान उलटू नका. माझं म्हणणं असं की, या शस्त्रक्रियांचा निम्मा इतिहास आपल्या जातकुळीतल्या लोकांनी, म्हणजे यंत्रं आणि भिंगं बनवणाऱ्यांनी घडवला आहे. आणि पुढचं जे संशोधन महाराष्ट्रात व्हायला हवं, त्यातही आपला वाटा मोठा आहे. फक्त ते दुसऱ्याच्या मापाने करून चालणार नाही. दुसऱ्याच्या मापाचा सदरा कितीही भारी कापडाचा असला तरी खांद्यात आवळतो आणि पोटावर लोंबतो.

आधी थोडी ओळख. 'दुर्बिणीचं ऑपरेशन' हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनाही माहीत आहे. याचं कारण कुटुंबनियोजनाची शिबिरं. खेड्यात दुर्बीण पोचली ती अशा शिबिरांतून. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया हे सगळं नंतर आलं. तत्त्व मात्र एकच. बेंबीजवळ साधारण सेंटीमीटरभर छेद घ्यायचा, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा तयार करायची, कॅमेरा आत घालायचा आणि आणखी दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं सोडून पडद्यावर बघत काम करायचं.

आता यात इंजिनिअरिंग कुठे आहे ते बघा. पूर्वीच्या दुर्बिणीत नळीभर हवा आणि मध्ये मध्ये पातळ भिंगं असायची, त्यामुळे चित्र अंधूक दिसायचं. हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९५९ च्या सुमारास हे उलटं केलं. नळीत काचेच्या कांड्या बसवल्या आणि मधल्या हवेच्या फटींनाच भिंगाचं काम दिलं. प्रकाश कितीतरी पटींनी वाढला. जर्मनीतल्या कुर्ट सेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने पोटात गॅस भरणारं स्वयंचलित यंत्र बनवलं आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवलं. त्याला शाबासकी मिळायच्या ऐवजी त्याच्या देशातले बडे सर्जन त्याच्यावर तुटून पडले. १९८५ मध्ये एरिक म्यूह याने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्याचंही तेच झालं. व्हायवाला एक्स्टर्नल आपलं बरोबर उत्तर चूक ठरवतो तेव्हा या दोघांची आठवण काढावी!

तरफेचा नियमही इथे भेटतो. पोटाची भिंत हा टेकू. त्यामुळे सर्जनचा हात उजवीकडे गेला की आतलं टोक डावीकडे जातं. हाताला स्पर्श जवळजवळ कळत नाही, पडद्यावर खोली दिसत नाही. हे सगळं सांभाळून शिरा-धमन्यांच्या मधून वाट काढायची. ज्याला ड्रॉइंगमध्ये मिरर इमेज जमत नाही त्याने याची कल्पना करून बघावी.

आपल्या देशात दुर्बिणीतून पित्ताशयाची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. जे. जे. म्हणजे सरकारी रुग्णालय, गोरगरिबांचं. दुर्बिणीतून पोट तपासण्याचं काम ते १९७२ पासून करत होते. गरीब देशाला हे महागडं खूळ हवंय कशाला, असा सूर तेव्हा निघणारच होता. उडवाडियांनी मात्र आयुष्यभर उलट बाजू मांडली. ज्याचं पोट हातावर आहे, त्यालाच लवकर उठून कामाला लागण्याची सगळ्यात जास्त गरज असते. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २०२३ मध्ये ते गेले. माझ्या मते त्यांनी केलेल्या ऑपरेशनांइतकाच त्यांचा हा मुद्दा मोलाचा आहे, कारण त्यात यशाचं मापच बदललेलं आहे. छेद किती मिलिमीटरचा, हे एक माप झालं. माणूस कितव्या दिवशी रानात उभा राहिला, हे आपलं माप.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या आत्याला पित्ताशयात खडे झाले ते नेमके कांदा काढणीच्या तोंडावर. तालुक्यातल्या एका दवाखान्यात (नाव सांगत नाही) दाखवलं. तिथे दुर्बीण होती, पडदा होता, शिकलेला सर्जनही होता. पण गॅस भरायचं मशिन बंद होतं. डॉक्टर म्हणाले, "मावशी, कंपनीचा इंजिनिअर यायचाय. तो आला की करू. नाहीतर पोट उघडून करावं लागेल, मग पाच-सहा आठवडे वजन उचलायचं नाही." आत्या म्हणाली, "इंजिनिअरची वाट कशाला बघताय डॉक्टर? आमच्या घरात एक शिकतोय की! त्याला बोलवू का?" सगळे हसले. मीही हसलो. शेवटी पुण्याला नेऊन दुर्बिणीनेच झालं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि दोन आठवड्यांत आत्या वाफ्यात दिसली. पण पुण्याचा खर्च, गाडीभाडं आणि घरातल्या दोन माणसांचे बुडालेले रोज धरले तर त्या वर्षीच्या कांद्याचा बराचसा पैसा या चार छोट्या छिद्रांतूनच निघून गेला.

तर मुद्दा असा की, जगात या क्षेत्रातलं संशोधन रोबोकडे धावतं आहे. धावू दे, त्यात गैर काही नाही. आपल्याकडचा प्रश्न मात्र साधा आहे. गॅसचं मशिन बिघडलं तर ते तालुक्यातच दुरुस्त का होत नाही? असं मशिन बनवता का येत नाही, ज्याचा बिघडलेला भाग पुण्या-मुंबईची वाट न बघता बदलता येईल?

लगेच कुणीतरी म्हणेल, "जुगाड करायचा!" इथे मात्र मी हात जोडून थांबवतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओडिशातल्या अंगुल जिल्ह्यात एका शिबिरात ५६ बायकांची नसबंदी झाली आणि त्यात पोटात हवा भरायला चक्क सायकलचा पंप वापरला गेला. वर्तमानपत्रांनी ते छापलं तेव्हा देश हादरला. आपण जरा गणित करू. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात दाब ठेवतात साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा, म्हणजे जेमतेम १६ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. सायकलच्या टायरमधला दाब याच्या शंभरपटीहून जास्त असतो. त्या पंपाला ना दाब दाखवणारी सोय, ना जादा दाब सोडून देणारी झडप, ना जंतू अडवणारी जाळी. शिवाय कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन विरघळतो आणि जळायला मदत करत नाही. साध्या हवेचं तसं नाही. ती चुकून रक्तवाहिनीत शिरली तर तिचा बुडबुडा जीवावर बेतू शकतो. म्हणजे स्वस्ताईच्या नावाखाली तिथे मोजमापच काढून टाकलं होतं.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या खानदेशात आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या भिंतीला आधार म्हणून कृत्रिम जाळी बसवतात. बाजारातली तयार जाळी हजारो रुपयांची. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं! ऐकायला जुगाडच वाटतो. पण त्यांनी त्या कापडाचं पॉलिमर काय आहे ते बघितलं, ते निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली, इतर ठिकाणच्या सर्जनांना सोबत घेतलं, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ मध्ये सगळं शास्त्रीय नियतकालिकात छापून लोकांसमोर टीकेसाठी ठेवलं. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली. निम्म्यांना बाजारातली जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. २०१६ मध्ये निष्कर्ष आला की वर्षभरात दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही.

हे ऑपरेशन दुर्बिणीचं नव्हतं, पोटाच्या भिंतीचं होतं, हे मान्य. पण धडा तोच. पंप आणि मच्छरदाणी दोन्ही वस्तू बाजारातल्या, दोन्ही स्वस्त. एकीमुळे देशाची मान खाली गेली, दुसरीमुळे जगाने दोंडाईच्याची दखल घेतली. मधला फरक हा मोजण्याचा, नोंदण्याचा आणि तपासून घेण्याचा आहे. यालाच संशोधन म्हणतात, नाही का?

गॅसच्या मशिनचा प्रश्नही असाच वेगळ्या बाजूने सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. गॅस न भरता पोटाची भिंत एका कमानीने वर उचलून धरायची आणि दुर्बिणीने काम करायचं. आपल्या देशातल्या ग्रामीण सर्जनांनी ही पद्धत बरीच वर्षं वापरली. डॉ. जे. ज्ञानराज हे त्यातलं ठळक नाव. नंतर इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातले इंजिनिअर त्यांच्यासोबत बसले आणि या कमानीचं नवं, सुटसुटीत रूप तयार झालं. यात कमरेत भूल देऊनही काम होऊ शकतं, त्यामुळे भुलेच्या मोठ्या यंत्रावरचा भार कमी होतो. दोषही आहेत. जागा गॅसइतकी ऐसपैस मिळत नाही आणि जाड रुग्णात तर फारच अडचण होते. पण माझ्या मनात येतं की कमान, लीव्हर, वजनाचं वाटप हे सगळं आपण सेकंड इयरला शिकतो. मग दोंडाईचा आणि लीड्सच्या मध्ये आपलं कॉलेज कुठे बसतं?

आता वळू वजनाकडे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हटली की लोकांना आठवते २०१७ मधली बातमी. इजिप्तहून मुंबईत आणलेली एमान अहमद, वजन सुमारे ५०० किलो म्हणून सांगितलं गेलेलं, आणि सैफी रुग्णालयात दुर्बिणीतून तिच्या जठराचा आकार लहान करण्याची झालेली शस्त्रक्रिया. अशा बातम्यांमुळे आपली समजूत अशी होते की हा विषय फार अवाढव्य माणसांचा आहे, आपल्या काटक शिरूर तालुक्याचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दाखवला पुण्याच्याच माणसांनी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू आणि इतर अवयवांचं वजन. चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे हा प्रकार जन्मापासूनचा आहे.

आता हे माप शस्त्रक्रियेला लावा. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलं की बीएमआय ४० च्या वर असेल किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर वजनाच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा. हा आकडा पुढे जगभर वापरला गेला. पण आमच्या सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांत पाळी करणारा एखादा माणूस घ्या. उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६१ किलो, बीएमआय २२.४. नियमाने एकदम तंदुरुस्त. त्याला चाळिशीच्या आत मधुमेह झाला तर घरचे म्हणतात, "हा तर बारीक आहे, याला कशी काय शुगर?" अमेरिकेच्या फूटपट्टीकडे याचं उत्तर नाही.

पुण्यातल्या डॉ. शशांक शाह यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक छोटा अभ्यास छापला. ज्यांचा बीएमआय ३५ पेक्षा कमी आहे अशा मधुमेहाच्या १५ रुग्णांवर दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास केलं. नऊ महिन्यांत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा १०.१ वरून ६.१ वर आला आणि सगळ्यांची मधुमेहाची औषधं थांबली. १५ रुग्ण आणि नऊ महिने यावरून कुणी उड्या मारू नयेत. पण प्रश्न नेमका विचारला गेला होता, की आपल्या शरीराला आपली रेघ वेगळी हवी का? २०२२ मध्ये अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी मिळून जुना नियम बदलला, तेव्हा आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ वर आणण्यात आली.

कुणी म्हणेल की एवढी भानगड कशाला, रोज पहाटे ग्राउंडला दहा चकरा मारा. मेसच्या पुरी-भाजीने आलेल्या ढेरीसाठी तोच उपाय, यात वादच नाही. ही शस्त्रक्रिया बारीक दिसण्यासाठी नसते. जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकणं ही गंमत नव्हे. त्यानंतर जन्मभर थोडं थोडं खावं लागतं, जीवनसत्त्वं घ्यावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात. जठर कापून टाचणी मारतात ती दीड-दोन मिलिमीटर उंचीची. जठराची भिंत एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. टाचणीचं माप चुकलं तर गळती, आणि गळती म्हणजे जीवाशी खेळ. २०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही भारतात आली आहेत. त्यामुळे कुणाला चालणं पुरे, कुणाला इंजेक्शन आणि कुणाला ऑपरेशन, हे ठरवायला आपल्याच लोकांची वर्षानुवर्षांची मोजणी लागेल. अशी मोजणी होऊ शकते, हेही आमच्याच तालुक्याने दाखवलं आहे. वढू बुद्रुकला केईएमचं संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतरं घरोघर जाऊन नोंदवत आलं आहे. सातासमुद्रापलीकडचं काही नाही, पुणे-नगर रस्त्यावरून थोडं आत वळलं की झालं.

राहिला प्रश्न आपला. दरवर्षी बी.ई. प्रोजेक्टच्या वेळी आपण काय करतो? सीनियरची जुनी फाईल, नवं कव्हर आणि शेवटच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडे रांग. माझी सूचना अशी आहे की, यंदा निदान दोन ग्रुपनी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन, रीतसर परवानगी घेऊन, बंद पडलेल्या यंत्रांची यादी करावी. काय बिघडलं, केव्हापासून, कोणता भाग मिळत नाही. मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांनी मिळून दुर्बिणीच्या सरावाची पेटी करावी. एक डबा, मोबाईलचा कॅमेरा आणि रबरी छिद्रं, एवढ्यात नवशिक्या सर्जनला हात बसवता येतो. हे काम आपल्या वर्कशॉपमध्ये सहज होण्यासारखं आहे. रुग्णाच्या अंगाला लागणारी वस्तू मात्र चाचण्या आणि मंजुऱ्यांशिवाय कुणी बनवायला जाऊ नये, पंपाची गोष्ट विसरू नये. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसवण्याची वाटही पडलेली आहे. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये 'बेटिक' नावाचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं आणि पुण्यात सीओईपीही त्यात सामील झालं.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. "तुमच्या सिलॅबसमध्ये हे येतं का?" हा प्रश्न एकदा बाजूला ठेवा. प्रोजेक्टच्या मार्कांत दहा मार्क अशा माणसाच्या सहीला द्या, जो ती वस्तू प्रत्यक्ष वापरणार आहे. मग तो तालुक्याचा डॉक्टर असो की ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. ती सही मिळवायला आम्हाला हॉस्टेलच्या बाहेर पडावंच लागेल आणि कोणतं माप कुणासाठी घ्यायचं, हे आपोआप कळेल. फॉर्म छापून तयार ठेवा. पहिल्या ग्रुपमध्ये माझं नाव लिहा.